ताईच्या सासूचं गठोडं

माय कापडाचा तुकडा हातात घेतला की आधी डोळे मिटून घे. मंग अंगठा अन् बोटाच्या मधात तो तुकडा धरून असा चोळे, जसं भाताचं शीत शिजलं का नाही ते पाहतात तसं. तिचे दोनच निकाल राहत. "ठेव" म्हटलं की तो तुकडा पोत्यात. "चुलीपाशी" म्हटलं की तो गरम गंज-पातेलं उतरवाले, नाहीतर पोतेरं कराले. तिसरा निकाल नव्हता. मी कितीदा म्हटलं का वं माय, हे फुलाचं किती सुंदर आहे, हे तरी ठेव, तर ती डोळे न उघडता म्हणे, "फूल काय अंगाले टोचत नाही?"

आम्ही तुमसरले विणकरांच्या गल्लीत राहत होतो. घरात बाबाचा हातमाग, अन् मागाच्या मागं खुंटीले टांगलेलं मायचं कतरनीचं पोतं. बाबा लुगडी विणे, माय गोधड्या शिवे. गल्लीतल्या बाया आपापली जुनी लुगडी, नवऱ्याची धोतरं, पोरांचे फाटके सदरे घेऊन येत अन् मायच्या पुढं टाकत. कोपऱ्यावरचा टेलर आपल्या दुकानातली कतरन पोरीच्या हातून पाठवे. अन् मंग दुपारी, राइस मिलचा आवाज दुरून येऊन राहिला आहे, माय ओसरीवर पाय पसरून बसली आहे, अन् मी तिच्या बाजूले. मले वाटे जगात याच्यापेक्षा मजेचं काम नाही. खरंच सांगते, शाळेतून मी धावत येओ ते ह्याच्यासाठी.

तिचे नियम ऐकाल तर हसाल. लुगड्याचा बसाचा भाग घ्याचा नाही, तो बसून बसून विरलेला राहते. पदराकडचं घ्याचं. सदऱ्याची पाठ चांगली, बाह्या ठीक, कॉलर कधीच नाही. धोतर सगळ्यात वर, धोतराले तर ती नमस्कारच करे म्हणा ना. बोटापेक्षा अरुंद चिंधी नाही, कारण त्यात कापडापेक्षा टाकेच जास्त होतात. अन् सगळ्यात मोठा नियम म्हणजे, जे कापड कोणाच्या अंगावर गेलं नाही, ज्याले धोब्याच्या दगडानं मारलं नाही, ते गोधडीत जाणार नाही.

समोरच्या घरची काकू एकदा आपलं जुनं पोलकं घेऊन आली होती. मायनं डोळे मिटले, चोळलं, अन् म्हणाली, "चुलीपाशी."

काकू म्हणाली, "एवढं पारखून तर तू पोरीसाठी जवाई नाही पाहिला."

माय म्हणाली, "जवाई बाजूले ठेवता येते का? हे ठेवता येते, म्हणून पाहते."

नव्या कापडाच्या त्या नियमावरून घरात रोज भांडण होई, कारण आमच्या घरात नवं कापडच जास्त. बाबाच्या मागावरून लुगडं उतरलं की शेवटी हातभर तुकडा उरे, कधी विणताना चूक झाली की तेवढं कापून काढा लागे. बाबा ते तुकडे घडी करून मोठ्या मायेनं मायपुढं ठेवे. माय म्हणे, यात खळ आहे. खळ म्हणजे सुताले चढवलेली तांदळाची पेज, त्यानं कापड कडक राहते. खळीवर उंदीर येतात, अन् धुतलं की कापड आटून बसते, मंग एक तुकडा चुरगळला की सगळी गोधडी तोंड वाकडं करते.

बाबा म्हणे, "माझं लुगडं भंडाऱ्याच्या बायका नेसतात, अन् तुह्या गोधडीले चालत नाही?"

"दहादा नेसू दे त्याईले. मंग आण."

पण या नवरा-बायकोचं एका गोष्टीवर एकमत होतं. टेरिलीन. ते दिवस असे होते का ज्याले पाहा त्याले टेरिलीन पाहिजे होतं. धुतलं, झटकलं, घातलं, इस्त्री नाही की काही नाही. बाबा म्हणे हे कापड नाही, पन्नी आहे. त्याचं बरोबरच होतं, ज्या घरात टेरिलीन जाई त्या घरातलं हातमागाचं गिऱ्हाईक जाई. मायचं कारण वेगळं. ती म्हणे, यात सुई घसरते, घाम मुरत नाही, अन् लेकराचा शू तर वरच्यावर वाहून जाते. तिनं एकदा मले दाखवलं. टेरिलीनचा एक धागा ओढून चुलीतल्या काडीवर धरला, तर तो सुतासारखा राख नाही झाला, वितळून त्याचा काळा कडक मणी झाला. माय म्हणाली, "हे पाय. असं लेकराच्या अंगाखाली टाकाचं?" मी तो मणी दोन दिवस दप्तरात घेऊन फिरली. साऱ्या मैत्रिणींले दाखवला.

आता ताईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

ताई माझी मोठी बहीण. तिले चिखल्याले दिलं होतं, मँगनीजच्या खाणीच्या कॉलनीत. भाऊजी खाणीत कामाले, त्यायचे बाबाही खाणीतच. घर चांगलं, माणसं चांगली, पण लग्नातच एक खडा पडला होता. आमच्या बाबानं ताईच्या सासूले, म्हणजे मायच्या ईनबाईले, स्वतः विणलेलं लुगडं दिलं. दोन महिने बसून विणलं होतं, किनार तर अशी का पाहतच राहावं. ईनबाईनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, अन् चार बायांत म्हणाली, "सुतीच आहे का?" बस, एवढंच. बाबा त्या दिवशी जेवला नाही. अन् तेव्हापासून ईनबाईचं नाव निघालं की मायच्या हातातली सुई जोरात चाले.

या दोघींच्या मधात सापडली ताई. ती पहिल्या बाळंतपणाले घरी आली तेव्हा पोट एवढं मोठं अन् तोंड एवढंसं. मले एकटीलेच सांगितलं तिनं. निघताना सासू म्हणाली होती, "तुमच्याकडं गोधड्या लय शिवतात म्हणे. माझ्या नातवंडाची गोधडी तिकडंच होईन, होऊ दे. पण आमच्या घरचं कापड तिच्यात वरून दिसलं पाहिजे. बारशाले येईन तेव्हा पाहीन मी."

"मंग लावू ना," मी म्हटलं.

"तू मायले ओळखते ना?" ताई म्हणाली. "तिनं नाही लावलं तर तिकडं मले राहाचं आहे, तिले नाही."

पंधरा दिवसांनी ताईचा दीर खाणीच्या ट्रकात बसून आला. हातात गठोडं. चहा प्याला, दोन शेवाच्या बशा खाल्ल्या, अन् "आईनं पाठवलं" एवढं बोलून त्याच ट्रकानं परत गेला. मी त्याले विचारलंही, का अजून काही सांगितलं का म्हणून. तो म्हणाला, "गठोडं पाण्यात पाडू नको म्हणाली." काय उपयोगाचा माणूस.

गठोडं एका जुन्या खाकी फडक्यात बांधलेलं होतं. मायनं गाठ सोडली, ताई भिंतीले टेकून बसली, मी मधात. अन् एक एक निघाले लागलं.

पहिलं निघालं भाऊजीचं लग्नातलं शर्ट, फिकं निळं, चमकतं. टेरिलीन. मायनं डोळे मिटायचीही तसदी घेतली नाही, बाजूले ठेवलं. मंग सासूची स्वतःची नायलॉनची साडी, तिचा अर्धा भाग, त्याच्यावर मोठी मोठी गुलाबाची फुलं. बाजूले. धाकट्या दिराच्या शाळेची चड्डी, टेरिकॉट. बाजूले. एक लाल मखमलीचा तुकडा, कोणाच्या तरी टोपीचा असन. मायनं ओल्या बोटानं चोळला, बोट लाल झालं. बाजूले. ताईच्या सासऱ्याचा खाणीतला सदरा निघाला तेव्हा मले वाटलं हा तरी सुती आहे, हा पास होईन. मायनं चोळला. बोटं काळी झाली. मँगनीजची धूळ ती, सुतात जाऊन बसली होती. मायनं त्याचा कोपरा बादलीत बुडवून पाहिला, साबण लावून पाहिला, पाणी काळं होतच राहिलं.

"हे लेकराच्या तोंडाशी नाही येऊ देणार मी," ती म्हणाली.

ताई म्हणाली, "माय, एक तरी ठेव."

"कोणतं ठेवू? तूच सांग."

"शर्ट ठेव. लग्नातलं आहे त्यायचं."

"लग्नातलं आहे म्हणून घामोळ्या येणार नाही का?"

ताई रडाले लागली. रडणं म्हणजे आवाज नाही, नुसतं पाणी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई अशी रडली का बाकीच्याले काही सुचत नाही. बाबा माग चालवाले ज्या खड्ड्यात पाय सोडून बसे, त्यातून डोकं वर काढून म्हणाला, "लाव ना एखादं. एवढं काय आहे त्यात." बाबा म्हणाला, टेरिलीनचा दुश्मन, म्हणजे पाहा.

 मले माहीत होतं मायचं मन नाही मानत, अन् हेही माहीत होतं का ताईचं रडणं तिले बघवत नाही. ती उगीच इकडचं तिकडं करत राहिली. अन् मंग तिचा हात त्या खाकी फडक्यावर पडला, ज्यात गठोडं बांधून आलं होतं.

तिनं डोळे मिटले.

 चोळलं. परत चोळलं. उलटं करून चोळलं. उजेडाले धरलं, ओढून पाहिलं, ओल्या बोटानं पुसून पाहिलं. बोट साफ. धागा ओढून चुलीपाशी नेला, त्याची भुरभुर राख झाली. सुती, जाड, अन् धुऊन धुऊन असं मऊ झालेलं जसं म्हाताऱ्या माणसाच्या कानाची पाळी. मायच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. ती हसली.

"ईनबाई हुशार आहे बरं," ती म्हणाली. "मी उगीच नावं ठेवली. पाय, खरं कापड वरून ठेवलं तिनं."

याचा अर्थ आमच्या गल्लीत लहान लेकरालेही समजला असता. लुगड्यांचा गठ्ठा बाजारात नेताना विणकर वरून सगळ्यात चांगलं कापड गुंडाळते. व्यापारी गठ्ठा सोडत नाही, वरचंच चोळून पाहते अन् त्याच्यावरून आतल्याचं समजून घेते. वरचं कापड म्हणजे घराची इज्जत. बाबाच्या बाबानंही असंच केलं, बाबाही असंच करे. तर ईनबाईनं एवढं जुनं, एवढं मऊ कापड वरून बांधलं म्हणजे तिनं तेच निवडून पाठवलं, आतलं तर नुसतं भरतीचं. आम्हाले कोणाले यात शंका आली नाही. बाबानं मागावरूनच हात लांब करून ते चोळलं अन् म्हणाला, "मिलचंच आहे, पण चांगलं आहे." त्याच्या तोंडून याच्यापेक्षा मोठी तारीफ नाही.

ताई डोळे पुसून म्हणाली, "हे वरून दिसन?"

माय म्हणाली, "मधात लावते. ईनबाई दारातूनच पाहीन."

अन् तशी ती गोधडी झाली. आत आजोबाचं धोतर, घड्या करून. वरून बाबाच्या जुन्या लुंगीचे चौकोन, मायच्या पदराचे, माझ्या फ्रॉकची पाठ, अन् बरोब्बर मधात ते खाकी, हातभर लांब हातभर रुंद, चारी बाजूंनी मायनं पिवळ्या किनारीची पट्टी लावलेलं. देवाच्या फोटोले चौकट असते तशी. बाहेरून आत, बाहेरून आत असे तिचे टाके चालत, अन् शेवटी सगळे येऊन त्या खाकीवर मिळत. गल्लीतल्या बाया पाहाले येत. समोरची काकू म्हणाली, "मधात हे काय पोलिसाचं लावलं?" माय म्हणाली, "ईनबाईच्या घरचं आहे," अन् काकूचं तोंड बंद.

ताईले पोरगी झाली. गोरी, केसाळ, अन् आवाज असा का मिलचा भोंगा. बारशाच्या दिवशी चिखल्याची सारी माणसं आली, टेम्पोत बसून, नाकाडोंगरीच्या पुढं टायर पंक्चर झाला म्हणून तापलेली. माणसं बाहेर मांडवात बसली, बाया आत. अन् ईनबाई सगळ्यात पुढं. तिनं पोरीले पाहिलं, कडेवर घेतलं, कानामागं काजळ लावलं, अन् मंग म्हणाली, "हां. कुठं आहे गोधडी?"

ताई खाटेवर बसली होती. तिनं माझा हात धरला अन् असा दाबला का नखं रुतली.

मायनं गोधडी उलगडून पसरवली, आत आजोबाचं धोतर आहे तेही सांगितलं. ईनबाई पाहत राहिली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मंग मधात बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"तुमच्याच घरचं आहे," माय म्हणाली, अन् तिच्या आवाजात जो अभिमान होता तो आठवला का मले अजून कसंसं होते. "तुम्ही वरून ठेवलं होतं ना, तेच घेतलं. मोठं नंबरी कापड आहे, ईनबाई."

ईनबाई म्हणाली, "हे तर डबा बांधाचं फडकं आहे."

 चिखल्याच्या एका बाईनं तोंडाले पदर लावला.

"ह्यायच्या डब्याचं," ईनबाई म्हणाली. "खाणीत नेतात ते. मले गठोडं बांधाले काही भेटलं नाही म्हणून त्यात बांधलं. अन् तुम्ही ते मधात लावलं? माह्या पोराचं लग्नाचं शर्ट कुठं गेलं? माही साडी कुठं गेली?"

मायचा चेहरा पाहाले पाहिजे होता. म्हणजे नव्हता पाहिजे. तिनं आयुष्यात कापडाबद्दल चूक केली नव्हती, अन् ही कापडाबद्दलची चूक नव्हतीच, कापड तर चांगलंच होतं. पण हे कोणाले सांगाचं?

ताई म्हणाली, "आई, शर्ट मीच काढाले लावलं. पोरीले गरम झालं असतं."

मी तिच्याकडं पाहतच राहिली. ताई अन् खोटं, तेही सासूच्या तोंडावर.

माय म्हणाली, "ती खोटं बोलून राहिली. म्याच काढलं." अन् ती उठली, मागाच्या मागं गेली, अन् एक गठोडं घेऊन आली. मले तर माहीतच नव्हतं. चिखल्याहून आलेलं एकही कापड तिनं चुलीपाशी टाकलं नव्हतं. सारंच धुऊन, घडी करून, बाबाच्या नव्या कापडात बांधून ठेवलं होतं. ते तिनं ईनबाईपुढं ठेवलं. "हे तुमचं सगळं. एक दोरा कमी नाही. आता तुम्हीच निवडा. जे म्हणान ते लावते, आत्ता, तुमच्यासमोर."

ईनबाई खाली बसली. टेम्पोच्या प्रवासानं तिचे पाय सुजले होते, ते तिनं पसरले. अन् कापडं काढाले लागली. माय जसं बोटानं पाहे तशी ती नाही पाहत होती. ती प्रत्येक तुकड्याले नाव विचारून राहिली होती म्हणा.

मखमल उचलली. "हे नंदेच्या पोराच्या टोपीचं. नंदेनं माह्या लग्नात तोंड वाकडं केलं होतं. हे नको."

शाळेची चड्डी. "हे घालून पोट्टा नापास झाला. हे कोणं टाकलं यात?"

"तुम्हीच," ताई म्हणाली, अन् लगेच ओठ चावला.

ईनबाईनं तिच्याकडं पाहिलं. मंग हसली. "म्याच असन. अंधारात बांधलं."

स्वतःची साडी उचलली, फुलांवरून हात फिरवला. मायनं इतक्या हळू म्हटलं का मलेच ऐकू आलं असन, "यात घाम मुरत नाही, ईनबाई." ईनबाईनं साडी गालाले लावून पाहिली. "खरं आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मीही नाही नेसत." अन् साडी बाजूले गेली. खाणीतला काळा सदरा तर तिनं पाहताक्षणी दूर केला. "हा आला कसा? हा तर जाळाचा होता."

मी मोजत नव्हती, पण मले दिसून राहिलं होतं का बाजूचा ढीग वाढून राहिला आहे अन् ठेवाच्या बाजूले एकटं निळं शर्ट आहे. दोघींचे नियम एकमेकीपासून एवढे लांब, अन् ढीग तोच. माय हे पाहत होती. तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला होता, पण ती हसली नाही. शहाणी बाई.

तेवढ्यात ताईचे सासरे पाणी मागाले दारात आले. आत पाहिलं अन् म्हणाले, "अरे, हे फडकं इथं आहे का? दोन महिने झाले, मी घरभर हुडकून राहिलो."

आता मात्र बाया हसल्याच. ईनबाईलेही आवरलं नाही. ती म्हणाली, "तुमचं फडकं नातीच्या गोधडीत गेलं."

"मधात लावलं?" सासरे आत येऊन वाकले. त्यायनं त्या खाकीवर पंजा ठेवला. मोठा पंजा, नखांच्या कडेनं काळं. "मी डबा सोडला का हेच खाली पसरवाचो, अन् याच्यावरच बसून जेवाचो. किती वर्षं झाली याले."

मायनं कैची हातात घेतली होती. "मी उसवते," ती म्हणाली. "मधला तुकडा काढून शर्टाचा लावते. वेळ नाही लागत. बारसं व्हाच्या आत होते."

 ईनबाई फडक्याकडं पाहत होती, त्या पिवळ्या चौकटीकडं. मंग तिनं मायच्या हातातली कैची घेतली अन् आपल्या मांडीखाली सारली.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अहो, पण तुमचं मन..."

"मी काय म्हणते ते ऐका. हे रोज त्यायच्यासंगं खाली खाणीत गेलं. अन् रोज वर आलं. एक दिवस असा नाही का खाली गेलं अन् वर नाही आलं."  खाणीच्या कॉलनीतल्या बाया होत्या सगळ्या, त्या हसाच्या बंद झाल्या. "तुमच्या धोतरापेक्षा हे कमी नाही. राहू द्या मधात."

सासरे म्हणाले, "मंग मी डबा कशात बांधू?"

"पिशवी घ्या. लोकं नेतात ना पिशवी."

"पिशवीवर बसून जेवता येत नाही."

"मंग उभ्यानं जेवा," ईनबाई म्हणाली, अन् सासरे पाणी न पिताच बाहेर गेले. मांडवात जाऊन त्यायनं ते सगळ्याले सांगितलं असन, कारण बाहेरून हसण्याचा असा आवाज आला का पाळण्यातली पोरगी दचकली.

पण ईनबाई ती ईनबाई. निळं शर्ट तिनं सोडलं नाही. तिनं त्याच्या खिशाएवढा तुकडा कापला, अन् म्हणाली, हा लागलाच पाहिजे, पोराच्या लग्नाचं आहे. मायनं तोंड उघडलं. मंग मिटलं. मंग म्हणाली, "पायाकडं लावा. पायाले घामोळ्या होत नाहीत." ईनबाईले ते पटलं. तिनं सुई मागितली, स्वतःच लावाले बसली. अन् टेरिलीन ते, पहिल्याच टाक्याले घसरलं. दुसरा टाका वाकडा. तिसऱ्याले सुई बोटात गेली.

"आणा इकडं," माय म्हणाली.

"नाही, मीच लावते."

"तसं नाही, आधी कड आत मोडून घ्या. हे कापड कडेनं उसवते."

"मले येते."

"दिसून राहिलं."

"ईनबाई, तुम्ही तुमची लुगडी सांभाळा. लग्नात दिलं ते सुतीच आहे, पण बरं नेसवते, मी नागपंचमीले नेसली होती." हे ताईची सासू वर न पाहता बोलली.  मायनं फक्त तो निळा तुकडा दोन बोटांनी ताणून धरला, अन् ईनबाईची सुई सरळ जाऊ लागली. बाबा दाराच्या बाजूले उभा होता. त्यानं ऐकलं का नाही ते मले आजपर्यंत माहीत नाही, पण तो उगीच खांबाले टेकून लय वेळ उभा राहिला.

दोघींचं टाक्यावरून चालूच होतं. हा लांब झाला, तो जवळ झाला, दोरा दुहेरी घ्या, नाही एकेरीच बरा. बाहेरून कोणी ओरडलं का बारशाचा वेळ होऊन राहिला आहे, तरी कोणी उठलं नाही.

ताईनं माझा हात सोडला. हातावर नखांच्या खुणा उमटल्या होत्या. ती खाटेवर मागं टेकली, पाय लांब केले, अन् सकाळपासून पहिल्यांदा मले नीट पाहून म्हणाली, "जाय ना, मले भात आणून दे. लय भूक लागली. अन् वरण जास्त टाकजो."